वाचा गेली म्हणून मत जात नाही

घरातल्या वयस्क माणसाला बोलताना शब्द सापडेनासे झाले, की मुंबईतल्या मराठी घरांत साधारण दोन वाक्यं ऐकू येतात. सुरुवातीला 'वय झालं, चालायचंच.' आणि दोन-चार वर्षांनी 'त्यांना आता काही कळत नाही हो.' पहिल्या वाक्यामुळे तपासणी लांबते. दुसऱ्यामुळे त्या माणसाला विचारणंच बंद होतं, अगदी जेवायला काय हवं इथपासून घर कोणाच्या नावावर करायचं इथपर्यंत. मेंदूच्या झिजेच्या आजारात ज्यांची भाषा आधी जाते, त्यांच्या बाबतीत ही दोन्ही वाक्यं फार वेळा खोटी असतात. दोष फक्त घरच्यांचा नाही. आपली रुग्णालयं अशा माणसाला त्याच्या भाषेत नीट तपासत नाहीत. आपल्या बँका आणि कचेऱ्या बोलून दाखवता आलं तरच समजलं असं धरून चालतात. आणि मराठीसाठी एरवी हिरिरीनं भांडणारे आपण सगळे या बाबतीत गप्प आहोत.

डिमेन्शिया म्हटलं की डोळ्यांसमोर विसरणं येतं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, नातवाचं नाव काय. अल्झायमरमध्ये बहुतेकांचं असंच सुरू होतं, पण सगळ्यांचं नाही. प्रागमधले डॉक्टर अर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. त्याची भाषा हळूहळू ढासळत गेली होती आणि मेंदूचा कानशिलाजवळचा डावा भाग आकसलेला आढळला. पुढे १९८२ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांची भाषा वर्षानुवर्षं खालावत होती, तरी बाकीची बुद्धी बराच काळ शाबूत होती. या अवस्थेला आज प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया म्हणतात; अफेझिया म्हणजे मेंदूच्या बिघाडामुळे भाषा जाणं. पक्षाघातात वाचा एका रात्रीत जाते, म्हणून माणसं धावत हॉस्पिटल गाठतात. इथे ती इतकी सावकाश जाते की नेमकं कधी बिघडलं हे घरच्यांनाही सांगता येत नाही. शिवाय हे पुष्कळदा पन्नाशी-साठीतच सुरू होतं, म्हणजे माणूस अजून नोकरीत असतो, वर्गात शिकवत असतो, दुकान सांभाळत असतो. वरिष्ठांना तो कामचुकार वाटतो, बायकोला घुमा वाटतो. हॉलिवूडचे अभिनेते ब्रूस विलिस यांच्या कुटुंबानं २०२२ मध्ये त्यांना अफेझिया असल्याचं आणि २०२३ मध्ये त्यामागे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजण्याचा आजार, असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

भाषा जाते म्हणजे काय होतं, हे मराठीत पाहिल्याशिवाय मराठी घरांना कळणार नाही. इंग्रजी पुस्तकांतली लक्षणं इंग्रजीच्या घडणीची आहेत. एका प्रकारात व्याकरण सुटत जातं. 'काल मुलीला डॉक्टरकडे नेलं' असं म्हणायचं असतं आणि तोंडातून येतं, 'काल… मुलगी… डॉक्टर… गेली.' विभक्तीचे प्रत्यय गळतात, लिंगवचनाचा मेळ बसत नाही, क्रियापद अडखळतं, उच्चारालाही जोर लावावा लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यांचा विचारच तुटक झालाय. प्रत्यक्षात मुलीला डॉक्टरकडे कुणी नेलं, कशासाठी नेलं, पैसे किती झाले, हे सगळं त्यांना नीट ठाऊक असतं.

दुसरा प्रकार नेमका उलटा, आणि आपल्याकडे तो ओळखायला फार अवघड. यात बोलणं सरळ, अस्खलित राहतं, पण शब्दांचा अर्थ निसटत जातो. पन्नास वर्षं फोडणीत कढीपत्ता टाकणारी आजी एके दिवशी विचारते, 'कढीपत्ता म्हणजे काय गं?' सून हसते, तिला वाटतं सासूबाई थट्टा करताहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये हा प्रकार वाचनात पकडला जातो. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो. अर्थ विसरलेला माणूस 'यॉट'चं स्पेलिंग अक्षरं जुळवत 'याच्ट' असं वाचतो आणि डॉक्टर सावध होतात. देवनागरीत तसं घडत नाही. लिहिलंय तसं वाचायचं असतं, त्यामुळे अर्थ पार पुसला गेला तरी आजी पेपर घडाघडा वाचते. घरचे डॉक्टरांना अभिमानानं सांगतात, 'पेपर तर रोज वाचतात.' आणि तपासणीच्या कागदावर 'डोळे मिटा' असं लिहून पुढे केलं, तर आजी ते स्पष्ट वाचते, 'डोळे मिटा', आणि डोळे उघडे ठेवून पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसते.

या दुसऱ्या प्रकारात 'कळत नाही' हे काही अंशी खरं असतं, हे मान्य करायला हवं. तिथे शब्दच नव्हे, वस्तूंची ओळखही हळूहळू जाते. पण तरीही काल कोण आलं होतं, औषध कधी घ्यायचं, कोणता मुलगा प्रेमानं वागतो आणि कोणता कामापुरता येतो, हे आजीला बराच काळ कळत असतं.

तिसऱ्या प्रकारात व्याकरणही ठीक, अर्थही ठीक, फक्त शब्द वेळेवर हाताला लागत नाही आणि लांब वाक्य ऐकून जसंच्या तसं म्हणता येत नाही. यामागे बहुतेक वेळा अल्झायमरचाच आजार असतो, वेगळ्या दारानं आलेला. आमच्या ओळखीचे एक काका याच वाटेवर आहेत. मंत्रालयात आयुष्य गेलं, टिपणं लिहिण्यात हातखंडा. आता 'बांगडा' हा शब्द त्यांना सापडत नाही. 'ते… ते गं… चंदेरी, पट्टे पट्टे असतात ते,' इथपर्यंत येऊन थांबतात. त्यांच्याबरोबर मासळी बाजारात गेलं की मात्र पाहत राहावं. टोपलीतल्या मासळीचा कल्ला बोटानं उचलून आतला रंग बघतात, नको तो बाजूला सारतात, पोट दाबून पाहतात. कोळीण भाव सांगते तेव्हा मान हलवतात आणि दोन बोटं वर करतात. ती कुरकुरते, शेवटी कमी करते. हा सगळा व्यवहार नाम न उच्चारता पार पडतो आणि घरी आलेला मासा ताजा निघतो. ज्या माणसाला हे जमतं त्याला 'काही कळत नाही' असं कसं म्हणायचं?

घरच्यांना आणखी एक गोष्ट फसवते. पाणी मागायला शब्द न सापडणारे आजोबा गणपतीची आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. लहानपणी पाठ केलेली पावकी, निमकी, अडीचकी न अडखळता येते. वार, महिने, शिव्यासुद्धा येतात. मग कुणीतरी म्हणतं, 'आरती बरी येते? नाटकं करतात.' पाठ झालेल्या गोष्टी आणि नव्यानं जुळवायचं वाक्य यांचे मेंदूतले मार्ग वेगळे आहेत. आरती एका ओळीला धरून दुसरी ओळ खेचत येते. 'मला पाणी दे' हे मात्र दर वेळी नव्यानं बांधावं लागतं, आणि बांधणारा भागच आजारी असतो. आपल्या घरांत या गैरसमजातून किती बोलणी खावी लागतात त्यांना! आजाराच्या त्रासात हा अपमान वर.

आता तपासणीकडे येतो. माझी मुख्य तक्रार तिथेच आहे.

सगळ्या जगात वापरली जाणारी तीस गुणांची एक परीक्षा आहे, मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. आज कोणता वार, हे कुठलं ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, हे वाक्य पुन्हा म्हणा, दोन पंचकोन काढा. नीट पाहिलं तर जवळपास प्रत्येक प्रश्न कानानं ऐकून तोंडानं सोडवायचा आहे. ज्याची भाषा गेली तो स्मरणशक्तीच्या प्रश्नातही नापास, ठिकाण ओळखण्यातही नापास, हिशेबातही नापास. बेरीज होते, कागदावर 'तीव्र डिमेन्शिया' असं पडतं, आणि तो कागद पुढे बँकेत, सोसायटीत, नात्यात फिरतो. बोस्टन नेमिंग टेस्ट ही चित्रं ओळखायची परीक्षा तर आपल्यासाठी आणखी लांबची. साठ रेखाचित्रं, त्यांत बीव्हर नावाचा प्राणी आहे, बर्फाचं इग्लू आहे, प्रेट्झेल आहे, अ‍ॅस्पॅरगस आहे. लालबागच्या चाळीत उभं आयुष्य काढलेल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आजीनं बीव्हर ओळखला नाही, यावरून तिच्या मेंदूबद्दल काय सिद्ध होतं? तिच्यासमोर विळी, सूप, जातं, रोवळी, स्टोव्हची पिन यांची चित्रं ठेवा. मग ती कुठे अडते ते कळेल, आणि त्या अडण्याला अर्थ असेल.

हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही असं नाही. १९९०च्या दशकात हरयाणातल्या बल्लभगढ भागातल्या अभ्यासासाठी, लिहिता-वाचता न येणाऱ्यांनाही देता येईल अशी हिंदी परीक्षा तयार झाली. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा एक संच बनवला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या टप्प्यात पाच भाषा होत्या: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी नव्हती. देशाच्या आर्थिक राजधानीची भाषा, कोट्यवधी लोकांची भाषा, आणि पहिल्या यादीत तिचं नाव नाही, याची आपल्या वर्तमानपत्रांत, साहित्य संमेलनांत किती चर्चा झाली?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात असंच माझं मत आहे. पण मराठीचा हक्क पाटीवर संपत नाही. ज्या माणसाची मराठी मेंदूतूनच ओसरत चालली आहे, त्याला परळच्या किंवा शीवच्या ओपीडीत मराठीतून, पुरेसा वेळ देऊन, मराठी माणसांवर ताडून पाहिलेल्या चाचणीनं तपासलं जाणं, हा भाषेचाच हक्क आहे. आणि अशी चाचणी बसवायला लागणारं काम भाषेच्या अभ्यासकांचंही आहे. कोणता शब्द मूल कितव्या वर्षी शिकतं, कोणता कोकणात घरोघरी आहे आणि विदर्भात नाही, निरक्षर स्त्रीला एका मिनिटात साधारण किती प्राण्यांची नावं सांगता येतात, हे मोजल्याशिवाय चाचणी उभीच राहत नाही. मुंबई विद्यापीठात, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवलं जातं. अभिजात दर्जासोबत येणाऱ्या निधीतला एक वाटा या मोजदादीला द्यावा, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

मुंबईत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण इथला माणूस एका भाषेत जगतच नाही. घरी मालवणी, शाळेत पुस्तकी मराठी, लोकलमध्ये हिंदी, ऑफिसात इंग्रजी. हैदराबादमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवलं, की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फायदा होता. ही आनंदाची बाब आहे. पण आजार आल्यावर या भाषा सारख्या प्रमाणात खालावत नाहीत. पुष्कळांच्या बाबतीत उशिरा शिकलेली भाषा आधी दुबळी होते. काहींच्या बाबतीत रोजच्या वापरातली टिकते आणि लहानपणची जाते. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे भानही सुटतं, दूधवाल्याशी मालवणी आणि नातवाशी ऑफिसातलं इंग्रजी. आता अशा माणसाची तपासणी परप्रांतातून शिकायला आलेला निवासी डॉक्टर हिंदीतून करतो. त्याचा दोष नाही, तो बिचारा छत्तीस तासांच्या ड्युटीवर असतो. पण मालवणीत धडधाकट उत्तर देऊ शकणारी बाई हिंदीत मुकी ठरते, आणि कागदावर तेच उमटतं.

घरातही तेच. सांभाळायला ब्युरोची बाई येते, ती बहुधा हिंदी बोलणारी. दिवसाचे बारा तास आजींच्या कानावर पडणारी भाषा ही त्यांची सर्वांत कच्ची भाषा असते. मग 'दिवसभर बोलत नाहीत' अशी तक्रार. त्या बाईला रोजच्या गरजेचे पंचवीस-तीस मराठी शब्द शिकवणं, तेही आजींच्या बोलीतले, हे कुणी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देत नाही. द्यायला हवं.

यावर नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: आजार बरा होत नाही, मग अचूक नाव लावून, भाषेची बारीक तपासणी करून काय मिळवायचं? महापालिकेच्या रुग्णालयांत क्षयाचे, डेंग्यूचे, अपघाताचे रुग्ण जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. तिथे म्हाताऱ्यांच्या शब्दांना कोण विचारतो?

पहिलं म्हणजे, नीट तपासलं तर काही वेळा आजार वेगळाच निघतो. ऐकू न येणं, बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साचलेलं रक्त. यांवर इलाज आहे, आणि 'वय झालं' म्हणून घरी बसवलेल्या माणसाला तो मिळत नाही. दुसरं, औषधं. अल्झायमरसाठी सर्रास दिलं जाणारं डोनेपेझिल फ्रंटोटेम्पोरल प्रकारात उपयोगी ठरत नाही, उलट काहींची चिडचिड आणि अस्वस्थता वाढवतं. दोन्हीला एकच 'विसरण्याचा आजार' म्हणून मोकळं झालं की हे होणारच. तिसरं, वाचोपचाराचा, म्हणजे स्पीच थेरपीचा, फायदा होतो. आजार थांबत नाही, पण रोजच्या जगण्यातले निवडक शब्द, फोनवर म्हणायची चार वाक्यं, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता हे सराव करून जास्त काळ टिकवता येतं. सराव सोडला की ओसरतं. घरातल्या माणसांचे, औषधांचे, भांड्यांचे, देवाचे फोटो लावलेली वही हाताशी असली तर पुढची काही वर्षं संवाद चालू राहतो. पण ही वही शब्द असतानाच वापरायला शिकवावी लागते. शेवटच्या टप्प्यात हातात देऊन उपयोग नाही. म्हणूनच लवकर ओळखण्याला एवढं महत्त्व.

आणि खर्चाचं म्हणाल, तर इथे महागडी यंत्रं लागत नाहीत. एक खोली, एक प्रशिक्षित माणूस, एक चाचणी, पाऊण तास. माणसं तयार करणाऱ्या संस्था मुंबईतच आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात वाचा आणि श्रवण या विषयाचा अभ्यासक्रम चालतो. पण स्पीच थेरपी म्हणजे बोबड्या किंवा ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी, हा समज लोकांत तर आहेच, रुग्णालयांच्या मांडणीतही तो दिसतो. मुलांचं काम अजिबात कमी होऊ नये. त्याच्या जोडीला मेंदूविकाराच्या ओपीडीत त्याच दिवशी, त्याच मजल्यावर वाचोपचारतज्ज्ञ बसायला हवा. आज न्यूरोलॉजीची चिठ्ठी घेऊन दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वारी, दुसऱ्या रांगेत जायचं असतं. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून आलेली सून सासऱ्यांना घेऊन दुसऱ्यांदा येत नाही, तिला येणं शक्यच नसतं.

आपल्या देशात साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त. भाषेपासून सुरू होणारे प्रकार यातला छोटा हिस्सा आहेत, पण आजार पुढे गेला की भाषा जवळपास प्रत्येकाचीच खालावते. म्हणजे हा प्रश्न मूठभरांचा उरत नाही.

कायद्याचं काय? इथे मला आशा वाटते, कारण कायदा आपल्या कचेऱ्यांच्या पुढे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मेंदूविकारामुळे आलेल्या वाचा आणि भाषेच्या कायमच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे आणि अफेझियाचा उल्लेख नावानिशी आहे. तरी किती कुटुंबांना कुणी सांगितलं, की प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ तर याहून सविस्तर बोलतो. रुग्णाला निर्णयक्षमता आहे का हे ठरवताना त्यानं निर्णय बोलून, हावभावानं, खुणेनं किंवा इतर कोणत्याही मार्गानं कळवला तरी चालतं, आणि त्याला माहिती देतानाही सोपी भाषा, खुणा, चित्रं वापरायला हवीत, असं तिथे लिहिलं आहे. तो कायदा मानसिक उपचारांपुरता आहे हे खरं. पण करारासाठी मन शाबूत आहे असं कधी म्हणायचं, याचं १८७२च्या करार कायद्यातलं कलमही समज आणि आपल्या हिताचा विवेक एवढंच मागतं. बोलता येण्याची अट तिथेही नाही.

प्रत्यक्षात काय घडतं ते वर सांगितलेल्या काकांच्या बाबतीत मी पाहिलं. ते मुलीबरोबर बँकेत गेले, स्वतःचंच पासबुक घेऊन, पेन्शनमधले पैसे काढायला. सही जुळत होती. काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं नाव आणि जन्मतारीख सांगायला लावली. काकांनी नाव कसंबसं सांगितलं, तारखेला अडले. पासबुकावर बोट ठेवलं, आधार कार्ड काढून दाखवलं, कागदावर आकडा लिहिला. अधिकारी मुलीकडे वळून म्हणाला, 'यांच्यासाठी कोर्टातून गार्डियन नेमून आणा.' काका सगळं ऐकत होते. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि यावेळी ते आजारामुळे नव्हतं.

त्या अधिकाऱ्याला मी खलनायक म्हणणार नाही. त्याची भीती खरी आहे. म्हाताऱ्याचा हात धरून सही घेणारे मुलगे, पुतणे, शेजारी या शहरात आहेत. इथे दहा बाय बाराच्या खोलीचीही किंमत अशी आहे, की पागडीच्या चाळीच्या पुनर्विकासात संमतिपत्रावर अंगठा उठवून घेण्यासाठी माणसं काहीही करतात. 'हो' म्हणाले म्हणून घेतलं, असं नंतर सांगता येतं. आणि या आजारांत एक विचित्र गोष्ट घडते: मनात 'नाही' असताना तोंडून 'हो' निघून जातं, मान भलत्या दिशेला हलते. म्हणून नुसत्या 'हो'वर विसंबणं धोक्याचंच. पण यावरचा उपाय माणसाला बाजूला सारणं हा नाही. तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. दोन पर्याय लिहून समोर ठेवा आणि बोट ठेवायला सांगा. अर्ध्या तासानं परत विचारून उत्तर तेच येतं का बघा. नातेवाईक खोलीबाहेर असताना विचारा. वाचोपचारतज्ज्ञ अशी निर्णयक्षमतेची तपासणी करून लेखी अहवाल देऊ शकतो, आणि बँकांनी, सोसायट्यांनी, निबंधकांच्या कार्यालयांनी तो अहवाल मान्य करावा असा आदेश सरकारनं काढायला हवा. आजारी, वृद्ध खातेदारांसाठी साक्षीदारांसमक्ष अंगठ्याच्या ठशानं पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं पूर्वीच केलेली आहे. हात न चालणाऱ्यासाठी पद्धत काढता आली, तर जीभ न चालणाऱ्यासाठीही काढता येईल.

गार्डियनचा मार्ग किती खडतर आहे हेही सांगायला हवं. डिमेन्शिया झालेल्या प्रौढ माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचा सुटसुटीत कायदा आपल्याकडे नाही. कुटुंबांना मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. मुखत्यारपत्र आधी करून ठेवलं तरी देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की करार कायद्याप्रमाणे ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते हातात राहत नाही. आजाराच्या पुढच्या टप्प्यातही चालेल अशा मुखत्यारपत्राची तरतूद संसदेनं करावी, ही मागणी ज्येष्ठ नागरिक संघांनी आता लावून धरली पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत घरांनी थांबू नये. शब्द अडखळू लागल्याचं लक्षात आल्या आल्या मृत्युपत्र, नॉमिनेशन, सोसायटीचे कागद त्या माणसाला शेजारी बसवून पूर्ण करावेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे-नको हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुंबईत ही इच्छापत्रं जपून ठेवण्यासाठी महापालिकेनं अधिकारीही नेमले आहेत. व्हेंटिलेटर हवा का, नाकातून नळी घालायची का, शेवटचे दिवस हॉस्पिटलात की घरी, हे ज्याच्या शरीराचं आहे त्याला तोंडानं सांगता येतंय तोवर विचारायचं असतं. आपल्याकडे हे विचारणं अशुभ मानतात. नंतर मात्र आयसीयूच्या बाहेर चार भावंडं 'बाबांना काय हवं असतं' यावर भांडतात.

आणि पाहुण्यांना एक विनंती. आजारी माणसापुढे उभं राहून 'ओळखा पाहू मी कोण?' असं विचारू नका. 'मी दादरचा सुरेश, तुमचा भाचा' असं आधी सांगा, समोर बसा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच बोला आणि उत्तराला वेळ द्या. शब्द तुम्ही पुरवायचा का, हे त्यांच्या डोळ्यांकडे बघून ठरवा. काहींना मदत हवी असते, काहींना राग येतो.

केईएम, शीव, नायर आणि कूपर ही महापालिकेची चार मोठी रुग्णालयं. या चारही ठिकाणी मेंदूविकाराच्या ओपीडीला जोडून वाचोपचारतज्ज्ञाची कायमस्वरूपी पदं, मराठीत प्रमाणित केलेली चाचणी, आणि निर्णयक्षमतेचा लेखी अहवाल देण्याची सोय, एवढ्या तीन गोष्टींसाठी पुढच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद व्हावी. आपापल्या वॉर्डातल्या नगरसेवकाकडे, ज्येष्ठ नागरिक संघाच्या लेटरहेडवर, ही मागणी लेखी पोचवायला कुणाची परवानगी लागत नाही.